शुद्धीवर येण्याआधी

यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका कपाटातल्या यंत्रांचा कारभार कर्नेल नावाचा मुख्य प्रोग्रॅम पाहत असे. तिथे नवी नेटवर्क स्विच आली. सगळ्यांचे निरोप आता तिच्या हातून जायचे होते; पण विचारल्यावर नाव सांगता आलं नाही, तर तिची रवानगी भंगारात होणार होती.

रीतीप्रमाणे कर्नेलने आधी तिला रीसेट केलं, म्हणजे बेशुद्धच पाडलं, आणि लगेच दरडावलं, “नाव काय गं तुझं?”

“कारभारी, थांबा की जरा. शुद्धीवर येतेय ती,” म्हातारा पंखा घरघरला.

“पंखेराव, आपल्याकडे थांबायची पद्धत नाही,” म्हणत कर्नेल पुढे गेला.

मागून स्विचने नाव सांगितलं, अगदी स्पष्ट. ऐकायला कर्नेल नव्हता.

संध्याकाळी ती भंगारात गेली. दुसरी आली.

“मागची मुकीच होती हो,” कर्नेल हळहळला आणि त्याने नवीला रीसेट केलं.