गोगलगायीने तपासलेलं लेबल

फार मागची गोष्ट सांगतात. एका रानात छापखाना होता. माकड छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं आणि पोपट छापलेलं तपासायचा. पोपटाला इंग्रजी तोंडपाठ, म्हणून त्याचा मान मोठा. ओल्या कागदांच्या गठ्ठ्याखाली एक गोगलगाय राहायची. तिला अक्षरओळख नव्हती.

एकदा वैद्य बगळेबुवा गुडघ्याला चोळायच्या जहाल तेलाचं इंग्रजी लेबल छापायला घेऊन आले. माकडाने पहिला कागद काढला. पोपटाने त्यावर नजर फिरवली आणि म्हणाला, "बरोबर आहे. छापा!"

"थांबा दादा," गोगलगाय म्हणाली. "मी दोन्ही कागदांवरून चालले आणि प्रत्येक अक्षराखाली एक ओला ठिपका ठेवला. बुवांच्या कागदावर तीन ठिपके जास्त आहेत."

माकड हसलं. "अगं बाई, इंग्रजीत कितीतरी अक्षरं मुकीच असतात. तीन गेली तर कोण रडतंय?"

"मुकी असतील, पण बुवांनी लिहिलीत ना?"

बगळेबुवांनी चोच पुढे करून पाहिलं. 'हे तेल पिऊ नका' यातला 'नका', म्हणजे इंग्रजीतला तीन अक्षरांचा 'नॉट'च गळला होता.

"हरणीची सासू सकाळपासून बाटलीची वाट बघतेय रे," ते म्हणाले.

पोपटाची मान खाली गेली. "मला ते पाठ होतं, बुवा. म्हणून नसलेलंही दिसलं."

माकडाने राहिलेले तीन खिळे बसवले. नवा कागद निघाला. पोपटाने पहिल्या अक्षरावर नख ठेवलं आणि गोगलगायीला म्हणाला, "चल गं, तू पुढे हो."