पोशीने शिंगाळ्याला दिलेली हाडं

खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतो ना, त्याला आम्ही पोशीचा खडक म्हणतो. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, पण आमच्यातलं कोणी त्यावर बसत नाही.

शिंगाळा पूर्वी फार गरीब मासा होता, असं सांगतात. अंगाला खवले नाहीत, काटा नाही, डोकंही मऊ. पावसाच्या तोंडावर नर खाडीत यायचा तो तोंडात अंडी धरून. पिल्लं सुटेपर्यंत तो खात नाही, चावत नाही. त्या दिवसांत त्याला धरायचं नाही, एवढा नेम गाव पाळायचं.

हरजी नाखव्याने तो मोडला. "माशाला कसली आलीत बाळंतपणं?" म्हणाला, आणि खाडीभर जाळं लावलं. त्याच्या होडीवर धर्मा नावाचा खलाशी होता. त्याची बायको पोशी तेव्हा पोटुशी होती. जाळ्यातले मासे तोंड घट्ट मिटून तडफडताना धर्माला बघवेना. त्याने जाळ्याची कड उचलून धरली. मासे सुटले. हरजीने रागाने त्याला पाण्यात ढकललं. धर्मा जाळ्याच्या दोराला लोंबकळत ओरडला, "नाखवा, हात दे!" हरजीने कोयता काढून दोरच कापला.

किनाऱ्यावर येऊन सांगितलं, पाय घसरला. पण होडीवरच्या दुसऱ्या खलाशाला ते पचेना. त्याने पोशीच्या दारात बसून सगळं सांगितलं. पोशी रडली नाही म्हणे. रोज ओहोटीला खडकावर जाऊन वाट बघायची. धर्मा आला तेव्हा नुसती हाडं उरली होती.

तिने ती जाळली नाहीत, पुरली नाहीत. कवटी, गळ्याजवळची दोन हाडं आणि पाठीचं एक हाड उचलून खाडीत सोडलं. शिंगाळ्यांना म्हणाली, "त्यानं तुमची पोरं राखली. ही हाडं अंगात घ्या. तुम्ही मेलात तरी माझा राग मिटू देऊ नका."

पुढच्या मोसमात हरजीने जाळ्यात हात घातला. शिंगाळ्याच्या पाठीवर हाडाचा काटा ताठ उभा होता, दोन बाजूंना दोन, कातडीखाली कवटीची ढाल. काट्याला करवतीसारखे उलटे दात. हरजीने हात ओढला, तसं मांसच निघून आलं. हात काळानिळा पडला, खांद्यापर्यंत आग चढली. आग उतरते ती कढत पाण्याने, हे तेव्हा एकट्या पोशीला ठाऊक होतं. कोणी सांगतात देवीने सांगितलं, कोणी म्हणतात धर्मा स्वप्नात आला.

हरजीला तिच्या दारात आणलं. चुलीवर पाणी उकळत होतं.

"पोशे, पानी दे."

"धर्मानं हाक मारली होती ना तुला?"

"मारली होती."

"मग?"

हरजीने काळानिळा हात हंड्याकडे नेला. पोशीने हंडा उतरवला आणि त्याच्यासमोर वाळूत रिकामा केला. हरजीचा ओरडत ओरडतच जीव गेला.

पण काट्याला हरजी कोण आणि इतर कोण, हे कुठलं कळायला? काही दिवसांनी पोशीचा सख्खा भाऊ विव्हळत आला. तिने पाणी तापवून त्याचा हात बुडवला, तो वाचला. त्या दिवशी तिने गावातल्या बायकांना बोलावून उपाय शिकवला आणि बजावलं, "दारात येईल त्याला पानी द्या. वैरी असला तरी द्या. फक्त हरजीच्या रक्ताचा आला, तर आधी त्याच्या तोंडून माझ्या नवऱ्याचं नाव ऐका."

लोक म्हणायचे, पोशे, आता सोड. तिने मरेपर्यंत सोडलं नाही.

आजही कापायला घेतलेल्या मेलेल्या शिंगाळ्याचा काटा उभाच असतो. दाबून मिटत नाही, मुळातून मोडावा लागतो. आजही गावात कुणाला तो लागला, तर जवळच्या घरात पाणी चढतं. गेल्या साली हरजीच्या वंशातला एक जण माझ्याच दारात आला. चांगला शिकलेला, मोटार चालवणारा. हात सुजून भोपळा झालेला. मी चूल पेटवली, हंडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. मला विचारावं लागलं नाही. फाटकापासूनच तो ओरडत आला होता, "धर्मा! धर्मा! धर्मा!"