ठकूमावशीचं विरजण

ही गोष्ट माझ्या पदरची नाही. हुंबरवाडीत जो तो ती ऐकूनच मोठा झालाय, तेव्हा मध्ये कुणी तोंड घालू नका.

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाटही पडली नव्हती तेव्हा, या वाडीत ठकूमावशी राहायची. बाई काटकुळी, पण तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद. ती उपळसरीची मुळं आणि जांभळीची साल उकळायची, त्यात आलं-गूळ टाकायची, आणि निवल्यावर विरजण घालून मडक्याला फडकं बांधायची. दह्याला लागतं तसं यालाही जुन्यातलं विरजण लागतं. मग मडकं फसफसायला लागे. लोक त्याला मुळपाणी म्हणत. एक वाडगा प्यालं की घाट चढून आलेला माणूस पुन्हा उतरायला तयार होई, असं म्हणतात. हे विरजण मावशीला आईनं सासरी निघताना बुडकुल्यात घालून दिलं होतं. दुसरं कुठेच नव्हतं. ते मेलं की मुळपाणी संपलं, म्हणून मावशी त्याला तान्ह्या लेकरागत जपायची.

आता पलीकडच्या कातळवाडीशी आपलं कुरणावरून हाडवैर. रायाजी पाटलानं ताकीदच दिली होती की, मुळपाणी आपल्या वाडीचं, त्यांना थेंब द्यायचा नाही. पण एका उन्हाळ्यात कातळवाडीची हौसा मावशीच्या दारात आली. पोटुशी होती, आणि पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. मावशीनं तिला मुळपाणी पाजलं. ते ठरलं. मग उद्याचं काय, म्हणून मावशीनं वाडगाभर विरजण दिलं आणि सगळी रीतही सांगितली.

वाडीत अशी गोष्ट लपते होय? पाटील खवळला. त्यानं मावशीचं मडकं उचलून आपल्या कोठीत नेलं, वर झाकण घातलं आणि थेंब बाहेर जाऊ नये म्हणून कडेनं चिखलानं लिंपून टाकलं. त्याला श्वास घेऊ द्या, असं मावशी कळवळून सांगत होती. पण ऐकेल तो पाटील कसला! एका भर दुपारी असा धडाका झाला की सात डोंगरांवरची पाखरं उडाली. झाकण कौलं फोडून वर गेलं ते अजून खाली आलेलं नाही, असं म्हणतात. हसा, हसा. पण विरजण सगळं मातीत गेलं होतं, आणि ठकूमावशी त्या खापऱ्यांपाशी बसून लेक गेल्यासारखी रडली.

पुढल्या वैशाखात विहिरीनं तळ गाठला. गढूळ पाण्यानं वाडी आजारली. पाटलाच्या म्हाताऱ्या आईच्या पोटात काही ठरेना, ती दिवसागणिक सुकत चालली. पाटील मावशीपुढे हात जोडून उभा राहिला. मावशीनं मुळं उकळली, गूळ घातला, पण मडकं गप्प. एक बुडबुडा येईना. तेव्हा ती म्हणाली,

“पाटील, मुळं डोंगर देतो, साल झाड देतं. विरजण माणसानं माणसाकडंच मागायचं असतं. हौसाकडं जा.”

गडी धाडतो, असं पाटील म्हणाला. मावशीनं वाडगा त्याच्याच हातात दिला.

पाटील उघड्या डोक्यानं कातळवाडीत शिरला. माणसं काठ्या घेऊन गोळा झाली. हौसा कडेवर पोर घेऊन बाहेर आली, वाडगा घेतला आणि भरून आणला.

“मावशीचंच हाय. न्या,” एवढंच बोलली.

वाटेत तो वाडगा उतू जात होता, तरी घरी पोचला तेव्हा काठोकाठ भरलेला होता, असं म्हणतात. जिथं जिथं सांडलं तिथं उपळसरीचे वेल उगवले. वेल मी पाहिलेत, बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. मावशीनं मडकं लावलं, ते फसफसलं. म्हातारी घोट घोट प्याली, आणि एका संध्याकाळी तिनं आपल्या तोंडानं भाकरी मागितली.

मावशी गेली तेव्हा तिच्या तिरडीला कातळवाडीचेही खांदे लागले. किती मोठी बाई, सांगा!

तेव्हापासून अक्षय तृतीयेला दोन्ही वाड्यांत कुणी आपल्या घरचं विरजण वापरत नाही. मागायला येणाऱ्यापुरतं राखून बाकीचं झाडाच्या मुळाशी ओतायचं आणि वाडगा घेऊन दुसऱ्याच्या दारी जायचं. वर्षभरात ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल, त्याच्याच दारी. “मावशीचं द्या,” एवढं म्हणायचं. नाही म्हणायची कुणाला मुभा नाही. गेल्या साली बांधावरून डोकी फोडून घेतलेल्या दोन सख्ख्या भावांतला धाकटा थोरल्याच्या दारात येऊन उभा राहिला. वाडगा पुढे केला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. थोरल्यानं वाट पाहिली नाही, मडक्यावरचं फडकं सोडलं.