शर्यतीचा खोंड

गुबगुबीत पोर म्हणजे सुदृढ, हे कुणी ठरवलं? मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझी ताई अंगणवाडी चालवायची. सरपंच अण्णांच्या क्रीमच्या बिस्किटांची खोकी तिने परत पाठवली होती. ताई वारली आणि खोकी पुन्हा सुरू झाली. पावसाळा सरेपर्यंत अंगणवाडीतली चिमुकली पोरं गुबगुबीत झाली आणि लंगडी खेळतानाही धापा टाकू लागली.

मी एक खोकं उचललं आणि अण्णांच्या शर्यतीच्या खोंडापुढे ओतलं. अण्णा धावत आले.

“अरे गाढवा, हे खाऊन खोंड अंगाने सुटेल. मग पळेल कसा?”

“आणि आमची पोरं काय बाजारात वजनावर विकायचीत, अण्णा?”

अण्णांनी खाली वाकून बिस्किटं वेचली. खोकी थांबली.

मी ताईच्या अंगणवाडीपुढचे दगड उचलले आणि पोरांना पळायला फक्कीची रेघ मारून दिली.