खारभोवरचं बिनदाराचं देऊळ

या, आत या. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. दार शोधू नका, दार नाहीच. येणारा प्रत्येक पाहुणा चौकटीपाशी थबकतो आणि मला विचारतो, दुमिंगकाका, दाराचं काम चालू आहे का? काम कधीच संपलं. आमच्या पणज्यांच्या आधीच्या पिढीनं ते संपवलं आणि पुन्हा कोणाला सुरू करू दिलं नाही.

ही दगडी चौकट बघा. खाली दोन्ही कोपऱ्यांत खळगे दिसतात ना, त्यात दाराच्या खुंट्या फिरायच्या. दोन फळ्यांचं दार होतं. फुटलेल्या मचव्याच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या फळ्यांचं, म्हणून खाऱ्या हवेला पुरून उरलेलं. आता आत मान वळवा. डावीकडे संत पेद्रूचा पुतळा आहे, म्हणजे संत पेत्र, पहिले पोप. त्यांच्या हातात लोखंडाच्या दोन चाव्या आहेत. एक लांब, एक आखूड. जगात सगळीकडे पेद्रूच्या हातात चाव्या असतात, पण त्या मूर्तिकारानं घडवलेल्या. आमच्या खऱ्या आहेत. त्यांची कुलुपं कुठे आहेत, ते शेवटी सांगतो.

त्याआधी आमचं काम समजून घ्या. खारभोवर हे मिठागराचं गाव. मिठाच्या कोंडीचा तळ सिमेंटसारखा घट्ट लागतो, नाहीतर खारं पाणी जमिनीत मुरतं आणि हाती येतो चिखल. तो तळ पायांनी तुडवतात. वीसपंचवीस बाया-माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीनं उभी राहतात आणि एका तालात पावलं टाकतात. ताल चुकला की तळ उंचसखल होतो. म्हणून एक जण पुढे राहून बोल घालतो. बाकीच्या गावांत कसले बोल घालतात मला माहीत नाही. आमच्याकडे पोपांची नावं घालतात.

हसू नका. फार पूर्वी इथे एक म्हातारे पाद्री होते म्हणे. लोकांना रोमच्या गादीची परंपरा पाठ करवायची त्यांना भारी हौस. लोक म्हणाले, बाबा, आमाला बसायला वेळ नाय. मग पाद्री स्वतः धोतरासारखा झगा खोचून कोंडीत उतरले आणि एका पावलाला एक नाव लावून दिलं. पेद्रू, लीन, क्लेत, क्लिमेंत, एवारिस्त, आलेशान, सिश्त, तेलेस्फोर, हिजीन, पियू, अनिसेत, सोतेर, एलेउतेर, व्हितोर, झेफेरिन, कालिश्त, उर्बान. ही झाली सतरा पावलं. अठराव्याला दोन नावं एका दमात घ्यायची, पोंसियान-इपोलित, आणि दोन्ही पाय एकदम आपटून मागे वळायचं. एका पायावर वळायला गेलात तर चिखलात तोंडघशी पडाल. मी पडलोय.

आता यात एक मोठी चूक होती, आणि ती गावात कोणालाच ठाऊक नव्हती. इपोलित पोप नव्हताच. तो पोपच्या विरोधात उभा राहिलेला माणूस. खरी गादी माझी, असं म्हणत त्यानं एकामागून एक पोपांशी वैर धरलं. म्हाताऱ्या पाद्रींनी त्याला यादीत का घातला, देव जाणे. कोणी म्हणतं विसरले, कोणी म्हणतं वळताना दुसऱ्या पायाला नाव कमी पडलं. माझं मत विचाराल तर त्यांना सगळं माहीत होतं.

पुढे ते पाद्री वारले आणि आमच्या नशिबी एका पाद्रीच्या जागी दोन आले. त्या काळी वरती दोन बिशपांचा वाद जुंपला होता, हा मुलूख कोणाच्या हाताखाली म्हणून. कोण कुठले बिशप ते विचारू नका, त्यांची भांडणं त्यांच्याबरोबर गेली. एकांनी एक पाद्री पाठवले, ते उंच, काळी छत्री घेऊन फिरणारे. दुसऱ्यांनी दुसरे पाठवले, ते ठेंगणे, पांढऱ्या घोडीवरून येणारे. गावानं नावंच पाडली, छत्रीवाले आणि घोडीवाले. दोघांकडेही पत्र होतं आणि दोन्ही पत्रांवर शिक्का होता.

पहिल्या आठवड्यात छत्रीवाल्यांनी देवळाच्या कडीला कुलूप घातलं, म्हणजे घोडीवाल्यांना आत जाता येऊ नये. दुसऱ्या आठवड्यात घोडीवाल्यांनी त्याच कडीखाली साखळी ओवून आपलं कुलूप घातलं. झालं. दोघांनाही आत जाता येईना, आणि ज्यांचं देऊळ ते बाहेर. बायका ओट्यावर गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. दोघेही पाद्री झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि एकमेकांना एकच शिवी द्यायचे. हे म्हणायचे, तो इपोलित आहे, त्याच्या नादी लागू नका. ते म्हणायचे, इपोलित तो, मी नव्हे. गाव बुचकळ्यात पडलं. आमच्या बोलातला इपोलित तर पोंसियानच्या जोडीनं पाऊल टाकायचा, मग ती शिवी कशी?

अशात, कुलुपं पडून तीन महिने झाले तेव्हा, चैत्राच्या उन्हात गास्पार वारला.

गास्पार म्हणजे तुडवणीचा म्होरक्या. चाळीस वर्षं त्यानं पोपांची नावं घातली होती. घरी एकटी मुलगी, उर्सूल. नवरा मचव्यावर बुडालेला, म्हणून बापाकडे राहायची आणि बापाच्या बरोबरीनं आगरात राबायची. मरताना गास्पारनं तिच्याकडे एकच मागितलं. मला तुझ्या आयेच्या शेजारी ठेव, आणि देवळातनं ने.

दफनाची जागा देवळाच्या मागे आहे, बघितलीत ना? एका बाजूला खाडी, तीन बाजूंना पुरुषभर उंच गडगा. वाट फक्त देवळातून. उर्सूल दोघा पाद्रींकडे गेली. छत्रीवाले म्हणाले, उघडतो, पण आधी गावानं माझ्या कागदावर अंगठे उठवावेत की खरा पाद्री मीच. घोडीवाले म्हणाले, उघडतो, पण अंगठे माझ्या कागदावर. आणि दोघांनीही आणखी एक अट घातली, जणू आदल्या दिवशी दोघांनी बसून ठरवली होती. तुमच्या त्या बोलातून इपोलितचं नाव काढायचं.

उर्सूल म्हणाली, "नाव काढलं तर वळायचं कसं?"

गावातले चार शहाणे तिला म्हणाले, बाय, गडग्यावरून ने. रीत देवाला कळते. ती म्हणाली, "माजा बाप चोर नव्हता." चिकणमातीच्या त्या घरात तिनं मिठाची रास ओतली, तिच्यावर चादर घातली, तिच्यावर बापाला ठेवलं आणि वरून पुन्हा मीठ घातलं. गाव हादरलं. असं कोणी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघे पाद्री तिच्या घराच्या ओट्याशी आले. ऊन वाढत होतं आणि त्यांना वाटलं, आता ही नमणार. उर्सूल पदरानं हात पुसत बाहेर आली आणि जे बोलली ते आमच्या गावात आजही पोरींना शिकवतात. "पाद्रीबाबा, तुमाला वाटतं उन्हाळा तुमच्या बाजूनं हाय. असंल. मीठ आमच्या बाजूनं हाय. आमाला घाई नाय."

मग तिनं विचारलं, "हा इपोलित होता कोन? आनि त्याचं पुढं काय झालं?"

 उत्तर दोघांनाही येत होतं आणि कोणालाच द्यायचं नव्हतं. शेवटी छत्रीवाल्यांनी दिलं, कारण कितीही झालं तरी ते शिकलेले होते आणि खोटं बोलणं त्यांना जमेना. रोमच्या बादशहानं पोप पोंसियान आणि त्यांचा वैरी इपोलित, दोघांनाही धरून एकाच बेटावर, खाणीत दगड फोडायला धाडलं. पोंसियाननं आपली गादी सोडली, म्हणजे मागे राहिलेल्यांना नवा पोप निवडता यावा. तिथेच दोघांचं वैर मिटलं असं सांगतात. दोघे तिथेच मेले. पुढे दोघांचीही प्रेतं रोमला आणली आणि मानानं पुरली.

उर्सूलनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे ज्यांची भांडनं खरोखरच्या गादीवरनं होती, ते हातोडा हातात आल्यावर शहाणे झाले. आनि तुमी? तुमच्याकडं नुसता कागद हाय."

घोडीवाले भडकले. म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बाई.

"आमचं देऊळ म्यान नाय," ती म्हणाली, "आनि तुमी तलवारी बी नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पहार खांद्यावर घेऊन देवळाकडे निघाली. मागे आधी चार बाया होत्या, मग तुडवणीची सगळी ओळ, मग गाव. दोन्ही पाद्री चौकटीच्या दोन बाजूंना उभे होते. पहार बघून छत्रीवाले ओरडले, कुलुपाला हात लावाल तर धर्माबाहेर काढीन! घोडीवाले ओरडले, मीसुद्धा! तीन महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते हे दुसऱ्यांदा.

गडीमाणसं बिचकली. कुलूप मोडणं म्हणजे पाप, हे रक्तात भिनलेलं. उर्सूल वळली आणि म्हणाली, "कुलपाला कोनी हात लावू नका. कुलूप त्यांचं हाय. दार आमचं हाय."

आणि तिनं पहार खालच्या खळग्यात घातली.

दार तिच्या पणज्यानं बसवलेलं. कुठे उचकटायचं ते तिला ठाऊक होतं. दोन्ही फळ्या खुंट्यांवरून उचलल्या गेल्या आणि कुलुपांनी एकमेकींना जखडलेल्या तशाच, एकसंध, सात जणांच्या हातांवर आल्या. एक कुलूप तुटलं नाही, एक साखळी सुटली नाही. देऊळ उघडं पडलं आणि तीन महिन्यांनी आत उजेड गेला. खाली दोन बांबू घालून त्या दाराचीच तिरडी केली. ती घरी नेली आणि मीठ झटकून गास्पारला तिच्यावर ठेवलं. त्याचा चेहरा झोपल्यासारखा होता म्हणतात, यातलं खरं किती ते मी सांगू शकत नाही.

गास्पार आपल्या देवळात शिरला तो देवळाच्या दारावर निजून. दोन्ही कुलुपं त्याच्या पायांशी खुळखुळत होती.

लातिन प्रार्थना म्हणायला कोणी नव्हतं. म्हणून उर्सूलनं पुढे होऊन बोल घातला, बापाचाच. पेद्रू. पाऊल. लीन. पाऊल. क्लेत. सगळं गाव खांद्यावर हात टाकून मागे. उर्बान झालं की न वळता पुन्हा पेद्रू. मागच्या वाटेनं बाहेर पडून शेवटचं कालिश्त, उर्बान म्हणेस्तोवर, पोरांनी गडगा चढून आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यापाशी ओळ आली. मग सगळ्या गावानं एका दमात पोंसियान-इपोलित म्हणत दोन्ही पाय आपटले आणि सवयीनं गाव मागे वळलं. वळलं तर समोर छत्रीवाले आणि घोडीवाले. दोघेही, कोणी न बोलावता, ओळीच्या मागून चालत आले होते. आणि चालताना, असं सांगतात, त्यांचीही पावलं तालात पडत होती.

 दार गास्पारसकट खाली उतरवलं गेलं. उर्सूलनं माती लोटली, गावानं लोटली. थोडी राहिली तेव्हा तिनं सगळ्यांना थांबवलं. "ही तुमची," ती दोघांना म्हणाली. "दोघांनी मिळून टाकायची असंल तर टाका. एकट्याची आमाला नको."

इथे गावात दोन मतं आहेत. माझी आजी म्हणायची, दोघांनी ओंजळी जोडल्या. वरच्या आळीचे म्हणतात, छत्रीवाले आधी वाकले आणि घोडीवाल्यांनी बराच वेळ मान फिरवून ठेवली. पण माती दोघांची पडली, यावर कोणाचा वाद नाही. दुपारी कोणीतरी बघितलं तर पुतळ्याच्या हातात लांब चावी होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आखूड आली. कुलुपंच जमिनीत गेल्यावर चाव्या ठेवणार कुठे?

दोघे इथेच राहिले. एक रविवार एकाचा, एक दुसऱ्याचा, आणि ज्याचा नसेल त्यानं लोकांबरोबर बाकावर बसायचं. बारा वर्षांनी वरचा वाद मिटला आणि खरा कोण ते सांगणारं पत्र आलं. तेव्हा आगरात मीठ ओढायचे दिवस होते. गावानं पत्र ओट्यावर ऐकून घेतलं, बरं म्हणालं आणि कामाला गेलं. छत्रीवाले तोवर आजारी पडले होते आणि घोडीवाले त्यांना पेज भरवत होते.

नंतर नवीन दारं आली, बरं का. एकदा सागवानी आलं, कोरीव. गावानं त्याचे शाळेसाठी बाक केले. एका बिशपांनी विचारलं, चोरी होईल त्याचं काय? उर्सूल तेव्हा म्हातारी झाली होती. ती म्हणाली, चोर एक वेळ परवडला, तो निदान आत येऊ देतो.

आणि गंमत ऐका. आता चर्चच्या कॅलेंडरात पोंसियान आणि इपोलित या दोघांचा सण एकाच दिवशी असतो, तेरा ऑगस्टला, दोघेही संत म्हणून. आमच्या तुडवणीच्या ओळीला हे आधीपासून ठाऊक होतं. आम्ही ते कॅलेंडरातून शिकलो नाही, चिखलात पडू नये म्हणून शिकलो.

आजही खारभोवरला नवे फादर येतात तेव्हा त्यांचं नेमणुकीचं पत्र आम्ही घेतो आणि घडी न उघडता पेद्रूच्या पायाशी ठेवतो. मग त्यांना बूट काढून कोंडीत उतरवतो, खांद्यावर हात टाकतो आणि अठरा पावलं चालवतो. अठराव्याला दोन्ही पाय आपटून वळले, तर ते आमचे. इपोलित गाळला, तर चिखलात पडतात, आणि आम्ही हात देऊन उठवतो आणि पुन्हा पेद्रूपासून सुरू करतो. आजही मयत याच चौकटीतून जाते, दिवसा, सगळ्यांदेखत. आणि त्या मागच्या गवताखाली गास्पारच्या पायाशी दोन्ही कुलुपं अजून बंदच आहेत. बंद राहू द्या. देऊळ उघडं आहे.