ठकू भोईणीनं म्हातारी पळवली

घुसळीवर पूल नव्हता आणि घाटात पायवाटेखेरीज दुसरी वाट नव्हती, त्या काळातली ही हकिगत. किती वर्षं झाली म्हणाल, तर हेळवणच्या देवळापुढचा वड तेव्हा हातभर होता. आज त्याच्या सावलीत अख्खा गाव जेवायला बसतो.

घुसळी म्हणजे काही मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात तिच्यात म्हशीचं पोटही भिजत नाही. पण आषाढ लागला की माथ्यावरच्या भोईवाडीपासून पायथ्याच्या हेळवणपर्यंत ती ताकासारखी पांढरी होऊन कोसळते. त्या पाण्यात होडी घालायची छाती फक्त ठकू भोईणीची होती.

ठकूचा नवरा शिदू याच नदीत गेला. पुरात एक जांभूळ आडवं पडलं होतं, त्याच्या फांद्यांत तो अडकला आणि तिथेच राहिला. दुसरी कुणी असती तर तिनं नदीचं तोंड पाहिलं नसतं. ठकू मात्र त्यानंतरचा सगळा पावसाळा काठावर बसून पाणी बघत राहिली. पान टाकायची आणि ते कुठे फिरतं, कुठे बुडतं, कुठे पुन्हा वर येतं ते बघायची. पुढच्या वर्षी तिनं शिदूची आंब्याच्या खोडातून कोरलेली होडी पाण्यात लोटली. येताना नदीतून वर चढता येत नाही, म्हणून ती होडी खांद्यावर घेऊन घाट चढायची. चौघांना न उचलवणारी होडी ती एकटी उचलायची, असं म्हणतात.

आजारी माणूस खाली वैद्याकडे न्यायचं असलं की ठकूलाच हाक. बसणाऱ्याला ती आधी सांगायची, "दगडाला भिऊ नको. पाणी दगडाला वळसा घालतं, आपणही घालायचा. भ्यायचं ते झाडाला. झाड म्हणजे चाळण. पाणी पलीकडे जातं, माणूस अलीकडे राहतं. आणि धबधब्याच्या उडीखालच्या उलट्या पाण्यानं धरलं, तर वर यायला धडपडू नको, तळाला जा. तळाचं पाणी खालीच चाललेलं असतं, ते तुला घेऊन जाईल."

एका श्रावणात सात दिवस पाऊस थांबला नाही. आठव्या दिवशी सकाळी घुसळीचा आवाजच बंद झाला. खेळणारं मूल गप्प झालं की आई दचकते, तशी ठकू दचकली. ती वाडीच्या वरच्या अंगाला धावली आणि बघते तो काय, डोंगराची अख्खी कड झाडांसकट नदीत उतरलेली. त्या दरडीमागे पाणी तुंबून तळं झालं होतं आणि डोळ्यांदेखत चढत होतं. दरडीच्या चिखलातून जागोजागी पाणी पाझरायला लागलं होतं.

"ही दरड दुपारपर्यंत धरत नाही," ठकू म्हणाली.

तिची जाऊ पारू मागून धापा टाकत आली होती. "आपली वाडी उंचावर आहे, पण हेळवणला कुणीतरी सांगायला हवं गो. पण पायवाटेनं जायला दुपार होईल."

"नदीनं जाते."

"नदीत पाणी कुठाय? तळ दिसतोय!"

"आहे तेवढं पुरे," ठकू म्हणाली आणि तिनं वल्हं उचललं.

भरल्या घुसळीचं एकेक वळण ठकूला पाठ होतं. पण उतरलेली घुसळी तिनं श्रावणात कधी बघितली नव्हती. जिथं पाण्याची नुसती उशी असायची तिथं दगडांचे सुळे वर आले होते. जिथून ती डोळे मिटून जायची, तिथं आता वाटच नव्हती. दुसऱ्याच वळणावर होडी खडकाला घासली. एका मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात तिनं होडी वळवून थांबवली. कुणीतरी आपल्याच घरातलं सामान हलवून ठेवावं, तसं तिला वाटलं. मग तिनं काठावरचं एक पान तोडलं आणि पाण्यात टाकलं. पान दोन सुळ्यांमधून उजवीकडे सरकलं. ठकू त्याच्यामागून निघाली.

पुढच्या अरुंद घळीत ऐनाचं एक झाड आडवं पडलं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. वळसा घालायला जागा नव्हती आणि ओढ होडीला थेट त्याच्याकडे नेत होती. शिदूला असंच झाड दिसलं असेल, हे ठकूला कळलं. मग ती ओरडली, "मला नाही गाळायचीस तू!" मागे ओढण्याऐवजी तिनं जोरानं पुढेच वल्हं मारलं, होडी लागताच झाडावर उडी घेतली, पोटावर पडून बुंध्याला मिठी मारली आणि दोरानं होडी वरून पलीकडे ओढून घेतली.

नदीची शेवटची उडी दोन पुरुष उंचीची. तिथं होडी उलटली. खालच्या उलट्या पाण्यानं ठकूला घुसळून काढलं. ती तळाला गेली, आणि वीस हात पुढे होडीसकट वर आली. तळाशी शिदूनं तिला पुढे ढकललं, असं म्हणतात.

हेळवणला पोचली तर अख्खा गाव नदीच्या पात्रात! पाणी उतरलं, डबक्याडबक्यांत मासे उघडे पडले, म्हणून बायापुरुष टोपल्या घेऊन उतरले होते. मधल्या खडकावर खोतांची म्हातारी आई आवडाबाई बसली होती आणि कुणी कुठला मासा धरायचा ते ओरडून सांगत होती.

"वर चला! दरड फुटतेय!" ठकू ओरडली.

खोत हसले. "ठकू, अगो पाणी उतरलंय. सात दिवसांनी देवानं ताटात वाढलंय, आणि तू उठवतेस?"

"खोत, पाया पडते, वर चला."

"जेवायला ये संध्याकाळी," खोत म्हणाले आणि पुन्हा वाकले.

समजावत बसायला वेळ नव्हता. ठकू सरळ खडकाकडे गेली, आवडाबाईला उचलून पाठीवर टाकलं आणि देवळाच्या चढावर पळत सुटली.

"मेले, सोड मला!" म्हातारी किंचाळली. "तुझ्या तोंडात माती पडो! अरे बघता काय, भोईणीनं मला पळवली!"

खोत टोपली टाकून धावले. खोतांमागे त्यांची माणसं, माणसांमागे बाया, आणि गंमत बघायला उरलेला सगळा गाव. चढाच्या टोकाला, देवळाच्या अंगणात, खोतांनी ठकूचा हात धरला. तेवढ्यात डोंगरातून गडगडाट आला. सगळे मागे वळले. आवडाबाईसुद्धा.

एक माणूस मात्र खाली राहिला होता. जाळी विणणारा रघ्या बहिरा. त्याला ना ठकूची हाक ऐकू आली होती, ना गडगडाट. तो पाठमोरा बसून जाळं ओढत होता.

ठकू उताराला लागली. खोत ओरडले, "नको गो, ठकू!" पण तिनं होडी गाठली, रघ्याला मानगुटीला धरून आत ओढलं, तोच वळणावर लाट दिसली. माडाएवढी उंच, मातीच्या रंगाची, झाडं उभी धरून चाललेली. पळायला वाट नव्हती. ठकूनं होडीचं तोंड लाटेकडे केलं आणि वल्हं मारलं. होडी लाटेवर चढत गेली, चढतच गेली.

पाणी अंगणाच्या पायरीला लागून ओसरलं, तेव्हा लाटेनं भिरकावलेली होडी देवळाच्या कौलांवर सापडली, आणि तिच्यात दोघं जिवंत. रघ्याच्या हातात जाळं तसंच होतं, आणि जाळ्यात मासे होते, असं म्हणतात.

ठकू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि म्हातारी होऊन आपल्या अंथरुणावर गेली. आता घुसळीवर पूल आहे. पण अजूनही श्रावणात नदी अचानक उतरली, तर हेळवणचं कुणी माशांना जात नाही. देवळाची घंटा वाजते, आणि गावात नव्यानं आलेल्या सुना गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला उचलून चढ चढतात. मागून सारा गाव पळत येतो. त्या म्हातारीनं वाटभर शिव्या द्यायच्या असतात. नाहीच दिल्या, तर तिला खाली आणून पुन्हा उचलतात.