ढग खाली आला

खोटं बोलेन तर जिभेला फोड येवो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलेली. आता त्या दिवशी मी मेहुणीच्या पोराच्या बारशाला परगावी होतो ही गोष्ट वेगळी. डोळे गावातच होते असं समजा.

एका गावात एक भोळा भाचा होता. केरबा त्याचं नाव. भोळा हा शब्द त्याच्या मामाचा. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण मामा म्हणजे दूध संघाचे अध्यक्ष आबासाहेब, म्हणून हळू आवाजात वापरायचं.

मामानं केरबाला संघात संगणक सांभाळायला ठेवलं होतं. लायकी एवढीच, की तो टीव्हीला थापड न मारता टीव्ही लावायचा. नोकरी मात्र अजून कच्ची. आणि शेजारगावचे दादा शेलार म्हणाले होते, "पोरगं कायम झालं की मुलगी देतो. त्याआधी चहासुद्धा पाजणार नाही." केरबाचा जीव त्या 'कायम'मध्ये अडकलेला.

तेवढ्यात संघाचा सगळा हिशेब क्लाउडवर गेला. क्लाउड म्हणजे ढग, एवढं इंग्रजी केरबाला येत होतं. तेच नडलं. मामा म्हणाले, "वार्षिक सभेला क्लाउडशी जोडणी चालू दिसली पाहिजे. दिसली तर तू कायम. आणि त्या शहरातल्या संगणक कंपनीच्या देवस्थळी मॅडम फोनवर सांगतील तसंच्या तसं कर. डोकं वापरू नकोस."

शेवटची सूचना उगाच दिली. जे नाही ते वापरणार कुठून?

केरबानं रुमालाला गाठ मारली. काही लक्षात ठेवायचं झालं की तो रुमालाला गाठ मारी.

मॅडमचा फोन आला. "दादा, तुमचं ऑफिस आणि क्लाउड यांच्यामध्ये आपल्याला एक बोगदा काढायचाय. व्हीपीएन म्हणतात त्याला."

"काढतो की!" केरबा म्हणाला. ढग वर, तेव्हा बोगदाही वरच. तो शिडी लावून छपरावर चढला आणि दुपारपर्यंत त्यानं मॅनेजरच्या टेबलावरची कौलं उतरवली.

घोरपडे मॅनेजरांनी वर पाहिलं. भोकातून केरबा खाली बघत होता.

"काय रे हे?"

"बोगदा. पण साहेब, आज आभाळ निरभ्र आहे. समोरचं टोकच आलं नाही."

मॅडमनी फोनवर कपाळ बडवलं. "अहो दादा, बोगदा डोळ्यांना दिसत नसतो! इंटरनेटच्या वाटेवरच आपलं बोलणं झाकून न्यायचं, त्याला बोगदा म्हणतात. काही फोडायचं नाही. फक्त दोन्ही टोकांना एकच किल्ली लागते. ती तुमच्याकडच्या राउटरच्या डब्यात घाला, झालं."

केरबानं गाठ मारली आणि कपाटाची किल्ली आणून राउटरच्या फटीतून आत सोडली. चर्रर्र झालं. धूर निघाला. ऑफिसातली वीज गेली.

"मॅडम, घातली. पण लागेना."

"किल्ली म्हणजे शब्द हो, शब्द! परवलीचा शब्द! खऱ्या किल्लीचा इथं काय संबंध? नवा डबा पाठवते. तुमचा शब्द 'डाळिंब'."

केरबानं गाठ मारली. किल्ली म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी टँकरवाले बंडूअण्णा आले. "केरबा, शीतगृहाची किल्ली दे रं बिगीबिगी. दूध उन्हात हाय."

केरबा त्यांच्या कानाशी वाकला. "डाळिंब."

"नगं. न्याहारी झालीया. किल्ली दे."

"डाळिंब!"

बंडूअण्णा कुलपापाशी गेले. इकडंतिकडं बघून कुलपाला "डाळिंब" म्हणाले. मग ओरडून म्हणाले. मग देवाचं नाव घेऊन म्हणाले. कुलूप जागचं हललं नाही. टँकरभर दूध नासलं, आणि गावातली कुत्री दोन दिवस घरचं जेवली नाहीत.

घोरपडे लालेलाल झाले. "गाढवा! बंडूअण्णा ओळखीचे ना? मग ओळखीच्या माणसानं मागितलं की मुकाट्यानं द्यायचं!"

केरबानं गाठ मारली.

नवा डबा आला, मॅडमनी लांबूनच तो जुळवला. लगेच एक फोन आला.

"केरबा का? ओळखलंत का?"

"नाही बुवा."

"असं काय करता? अहो, मी तुमच्या ओळखीचाच. तो परवलीचा शब्द सांगा बरं."

"मग आधी नाही का सांगायचं! डाळिंब."

संध्याकाळपर्यंत कुणीतरी टवाळ आत शिरून गेला होता. संघाच्या नोंदीत दूध देणाऱ्या म्हशींमध्ये आबासाहेबांचं नाव लागलं. फॅट सहा. गावाला त्यात फारशी चूक दिसली नाही, पण आबासाहेबांना दिसली.

मॅडमनी शब्द बदलला, केरबाला सांगितलाच नाही, आणि दात खाऊन समजावलं, "दादा, बोगद्यातून सरळ भाषेत काहीच जात नसतं. अक्षरं उलटीपालटी करूनच पाठवतात. ज्याला खूण ठाऊक, त्यालाच उलगडतं. संघाची माहिती अशी सरळ सांगत सुटतात का?"

केरबानं गाठ मारली. रुमालात आता नाक पुसायला जागा उरली नव्हती.

पुढं केरबानं कशाला हात लावला नाही, म्हणून जोडणी झाली.

सभेचा दिवस उजाडला. संघाच्या आवारात पांढरंशुभ्र कापड लावलेला मोठा मांडव. त्याची एक बाजू ऑफिसच्या छपराला बांधलेली. समोर पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'जोडणी चालू'. पहिल्या रांगेत दादा शेलार, नवं धोतर नेसून, जावई पारखायला.

मामा कौतुकानं म्हणाले, "आमचा केरबा आता पडद्यावर बघून दुधाचा नवा दर जाहीर करील."

केरबानं माईक धरला. रुमाल चाचपला. संघाची माहिती, सरळ भाषेत नाही. अक्षरं उलटीपालटी करायची त्याला एकच रीत येत होती, शाळेतली च-ची भाषा.

"चभासदांनोस! चुधालाद चरद चाढवूनव चिळेलम!"

मागून पोरं ओरडली, "दुधाला दर वाढवून मिळेल!"

"बघा," केरबा मामांना म्हणाला, "ज्याला खूण ठाऊक, त्याला उलगडलं."

शेलार शेजाऱ्याला म्हणाले, "पोराला फिट येती का?"

मामांनी केरबाचा दंड धरून त्याला मागं ओढलं. "हे काय रे मेल्या?"

"रुमालात गाठ आहे, मामा."

"आग लागो तुझ्या गाठींना! सोड! सगळ्या सोड! एक गाठ जरी शिल्लक दिसली ना, तर कायम तर नाहीच, घरातूनही हाकलीन!"

असं सांगून मामा भाषणाला उभे राहिले. केरबानं रुमालाच्या गाठी सोडल्या. रुमाल झटकून पाहिला. एकही नाही. सुटलो म्हणून त्यानं मान वर केली, तर मांडवाच्या खांबाला एक गाठ.

केरबा घाबरला. पुढच्या खांबाला पाहिलं. तिथंही.

मामा संघाच्या भक्कम पायावर बोलत होते. केरबा एकेका खांबापाशी जाऊन, मन लावून, दातांनी ओढून गाठी सोडत होता. जन्मात पहिल्यांदाच त्यानं एक काम पूर्ण केलं.

मांडव दमानं आला. आधी मामांवर, मग मॅनेजरांवर, मग शेलारांच्या नव्या धोतरावर. सगळी सभा त्या पांढऱ्या कापडाखाली वळवळू लागली, आणि कापडाचं एक टोक ऑफिसच्या छपरातल्या त्या भोकात जाऊन अडकलं.

केरबा बघतच राहिला. मग त्यानं आनंदानं फोन लावला.

"मॅडम! बोगदा काढून टाका, नको आता. ढगच खाली आला! नेमका माझ्याच भोकात बसला!"

कापडाखालून शेलार रांगत बाहेर आले. "आबासाहेब, एक गाठ अजून राहिली होती. ती मी सोडतो," असं म्हणून ते तडक गावी गेले.

आता जिभेच्या फोडाची भीती आहे म्हणून सांगतो. यात एकच गोष्ट मी पदरची घातली, ती शेलारांची. ते कुठले जातात! जोडणी चालू होती, मामांनी शब्द पाळला, केरबा कायम झाला. आणि कायम झालेल्याला मुलगी कोण नाकारतो? शेलार धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "जावईबापू, चहाला या."